चौथीच्या नावाचा दगड

बेत सगळा प्रेमलाचा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर ज्याची त्यानं आपापली बाजू सावरून घेतली, म्हणून.

निजामाचं राज्य मावळायला अजून चारेक वर्षं होती. नांदेडात नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत चार मैत्रिणी राहायच्या. चौघी एकाच घाटावर धुणं आपटून मोठ्या झालेल्या. गोदावरी वकिलाच्या कारकुनाची बायको. जीव लावणारी, पण कण्यानं मऊ. कुणी ठासून बोललं की हिची मान आपोआप हलायची. सौदामिनी कापसाच्या जिनवाल्याची सून, तिचा शब्द खाली पडायचा नाही. सिंधु मुलींच्या शाळेत शिकवायची. माहेर देगलूरकडचं, त्यामुळं कानडी-तेलुगूही तोंडात, आणि जिभेला हाड नाही. चौथी प्रेमला.

प्रेमलाच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कोड होतं. कोड म्हणजे काय, तर कातडीचा रंग उडतो, एवढंच. ना दुखतं, ना दुसऱ्याला लागतं. पण शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा तिचा पेला वेगळा ठेवत, आणि स्वतःला धर्माचे म्हणवून घेत. सासरच्यांनी तिसऱ्याच वर्षी तिला माहेरी आणून घातलं होतं. भाऊ उद्धव शाळामास्तर, देवमाणूस. त्याच्या घरी ती राहायची, चार घरची शिवणं करायची, आणि हसायची फार.

उमरी टेसनाच्या पलीकडं डोंगरात ऊनझरी म्हणून गरम पाण्याचं कुंड आहे, गंधकाचं पाणी आहे, तीन दिवस सहा वेळा अंग बुडवलं की कातडीला रंग परत येतो, असं तिला कुणी सांगितलं. तिनं जुन्या वहीच्या मागच्या पानांवर सगळं मांडलं. पहाटेची गाडी, उमरीला बैलगाडी, कुणी दशम्या आणायच्या, कुणी घोंगड्या. कुंडाला लागून शिंदीचं बन होतं. मार्गशीर्षात सूर्य उगवायच्या आत झाडावरून उतरवलेली ताजी नीरा प्यायची, हेही तिनंच लिहिलं. बाईमाणसानं शिंदीच्या बनात जायचं नसतं, असं गोदावरी म्हणाली. त्यावर सिंधु म्हणाली, नसतं म्हणूनच तर जायचं. चौघी पोट धरधरून हसल्या. घरोघर सांगितलं देवदर्शन. कुंडाशी महादेव होताच. आयुष्यात पहिल्यांदा, नवरा नाही, सासू नाही, पाळणा नाही, अशा चौघीच तीन दिवस मोकळ्या जाणार होत्या.

वहीत शेवटची ओळ होती: हाताला गुण आला की त्यांना पत्र घालायचं. 'त्यांना' म्हणजे ज्यानं टाकली त्याला. काय म्हणावं या बाईच्या जातीला. पण प्रेमलाचा सगळा जीव त्या ओळीत होता.

निघायच्या आदल्या दिवशी सौदामिनीनं गोदावरीला आणि सिंधूला जिन्याखाली बोलावून घेतलं. म्हणाली, मला दिवस गेलेत, आणि एका पाण्यात उतरायचं म्हणजे... सासूबाईंनी साफ नको म्हटलंय. एकतर प्रेमला नाही, नाहीतर मी नाही. टेसनावरची ओळख, गाडी, मुक्काम, सगळा इंतजाम सौदामिनीच्या भावाच्या हातात. सिंधु म्हणाली, हे बरं नाही सौदा. म्हणाली आणि गप्प बसली. गोदावरीची मान हलली.

प्रेमलाला सांगायचं कुणी, तर गोदावरीनं.

संध्याकाळी ती गेली. प्रेमला दाराच्या उंबऱ्यावर बसून गाठोडं बांधत होती. मेथीच्या दशम्यांचा वास सुटला होता. उजवा हात झाकावा म्हणून तिनं नवी, लांब बाहीची चोळी शिवली होती, आणि ती बाही वर सारून म्हणाली, "बघून घे गोदे. परत येताना हा असा राहणार नाही."

गोदावरीच्या ओठांवर आलेलं आतल्या आत विरघळलं. बोलायला गेली एक, बोलली भलतंच.

"पहाटं तयार राहा," ती म्हणाली. "टांगा तुझ्या दाराशी येईल. तू टेसनावर येऊ नको. इथंच बस."

खोटं बोलणाऱ्या माणसाला वाटतं, आपण तेवढ्यापुरतं बोललो. पण ऐकणारं माणूस त्यावर बसून राहतं, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पहाटे टांगा दुसऱ्या गल्लीनं गेला.

टेसनाबाहेर उतरल्यावर सौदामिनीला आठवलं की आपण तिघी आहोत. तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघांनी मिळून वाटेला लागू नये. लागावंच लागलं तर रस्त्यातला एखादा दगड उचलून पदराला बांधायचा, तो चौथा. काम उरकून परतलं की दाराबाहेर टाकायचा. सगळा मुलूख हे करतो, त्यात काही नाही. सिंधूनं कंदिलाच्या उजेडात वाकून एक दगड उचलला. लिंबाएवढा, काळा, गुळगुळीत. आणि त्याच्या एका अंगाला पांढरा डाग.

"घ्या," सिंधु म्हणाली, "ही तर प्रेमलाच आली."

सौदामिनी हसली. गोदावरीला हसू आलं नाही. तिच्या मनात आलं, निदान नावानं तरी येऊ दे बिचारी. तिनं सौदामिनीच्या करंड्यातलं कुंकू त्या दगडाला लावलं, शिदोरीतल्या तांदळाचे चार दाणे वर टाकले, आणि हळू म्हणाली, "चल प्रेमला. तुला घेऊन चालले."

इथंच चुकलं. चौथा दगड दगड म्हणूनच न्यायचा असतो. त्याला नाव देत नाहीत, अक्षत देत नाहीत. अक्षत दिली म्हणजे बोलावणं झालं. हे त्यांच्या आया सांगायच्या राहिल्या, की सांगितलं तेव्हा या पोरी दुसरीकडं बघत होत्या, कोण जाणे.

उमरीला ग्यानोबा नावाचा म्हातारा गाडी जुंपून उभा होता. गंभीर माणूस, डोळ्यांवर हात धरून बघायचा. त्यानं तिघींना चढू दिलं, गाठोडी लावली, आणि मागं बघत थांबला. कुणासाठी थांबलास बाबा, असं सौदामिनीनं विचारलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. नंतर चढावर बैल अडले. तो उतरून त्यांच्या कानाशी बोलायला लागला, आणि गोदावरीला ऐकू आलं: "चला रं राजांनो, चौघीच तर हायत."

तिनं पदराची गाठ चाचपली. दगड कोमट होता. अंगाच्या उबेनं झाला असेल, असं तिनं धरलं.

ऊनझरीला पोचेस्तोवर उन्हं कलली होती. डोंगराच्या पोटात दगडी पायऱ्या, खाली चौकोनी कुंड, नहाणाचं. त्याच्या वरच्या अंगाला दुसरं, लहान, आडव्या तोंडाचं. तिथून झरा निघायचा. त्या वरच्या कुंडाचं पाणी सारखं बुडबुडत असायचं. फडक्यात तांदूळ बांधून, वेळूच्या टोपलीत घालून आत सोडला की भात शिजायचा. हवेत गंधकाचा वास, जळक्या काडीसारखा. महादेवाच्या देवळीपाशी एक पणती, बाकी माणूस नाही; ग्यानोबा बैल सोडून खाली वाटेशीच थांबला. ओवरीत घोंगड्या टाकल्या, आणि तिघी लुगड्यानिशी खालच्या कुंडात उतरल्या.

काय सुख होतं म्हणून सांगावं. मार्गशीर्षातली थंडी वर, आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी. सौदामिनी डोळे मिटून म्हणाली, लग्न झाल्यापासून माझी पाठ आज सुटली. सिंधूनं शाळेच्या बड्या बाईंची नक्कल केली. गोदावरीसुद्धा हसली. मग हसता हसता तिच्या ध्यानात आलं की आपण तिघी हसून थांबलो, तरी हसू थोडं राहिलंय. पाण्यावरच्या वाफेत, पलीकडच्या कोपऱ्यात. थोडं, आणि मग तेही विरलं.

सौदामिनीच आधी पायरीकडं वळली.

वर आल्यावर पायऱ्यांवर ओली पावलं उमटली. तिघींची पावलं, आणि त्यांच्या मागोमाग चौथी. लहान, डाव्या पायाची करंगळी उचललेली. लहानपणी जात्याखाली सापडून प्रेमलाची डावी करंगळी तशी झाली होती. चौघी एका घाटावर वाढलेल्या, एकमेकींची पावलं ओळखायच्या.

"पाणी ओघळलंय," सिंधु म्हणाली. पण तिचा आवाज शाळेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत त्या शिंदीच्या बनात गेल्या. भीती होतीच, पण प्रत्येकीला वाटत होतं, आपण बोललो तर ती खरी होईल. बनात मल्लम्मा नावाची बाई होती. तिचा नवरा झाडांवर चढायचा, ही खाली मडकी सांभाळायची. तेलंगणातली, मोठ्या कुंकवाची, दातांत मिशरी. तिनं पानांचे द्रोण लावले, फेसाळ गोड नीरा ओतली. द्रोण चार.

"तिघीच हाओत आम्ही," सौदामिनी म्हणाली.

मल्लम्मानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा गोदावरीच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं.  चौथा द्रोण तिनं तिथंच जमिनीवर ठेवला.

नीरा गोड होती, थंड होती, नाकात जरा झिणझिणणारी. सिंधु दोन द्रोण प्याली. निघताना गोदावरीनं खाली बघितलं. चौथा द्रोण रिकामा होता, आणि त्याच्या काठाला ओल्या ओठांची खूण होती. ती म्हणाली, सिंधे, तू प्यालीस का गं हा? सिंधु म्हणाली, मला वाटलं तू.

मल्लम्मा गोदावरीच्या कानाशी आली.

"आणलंस ना अम्मा, मग घेऊन जा," ती म्हणाली. "इथं सोडून जाऊ नको."

हे शब्द फक्त गोदावरीनं ऐकले. पुढं कुणी काहीही म्हणो, तिनं ते ऐकले होते.

दुपारी, ऐन बारा वाजता, सौदामिनीचा धीर सुटला. जेवायला बसल्या तर केळीच्या पानांवर भात वाढता वाढता चार पानं झाली. वाढलं तिनंच, स्वतःच्या हातानं, आणि तिला कळलं नाही. ती उठली, म्हणाली, माझ्या पोटात जीव आहे, मी हे चालू देणार नाही. तो दगड आत्ताच्या आत्ता टाकून दे. कुठंही नाही, पाण्यात टाक. देव नाही का पाण्यात सोडत आपण, सोडला की सुटला.

"परत न्यायचा असतो," गोदावरी म्हणाली.

"मग तू एकटी थांब त्याच्याबरोबर."

सिंधु खाली बघत राहिली. आणि गोदावरीची मान, नेहमीसारखी, हलली.

तिनं गाठ सोडली. दगड चांगला ऊन झाला होता, ताप आलेल्या कपाळासारखा. वरच्या कुंडाच्या काठाशी जाऊन, तोंड फिरवून, तिनं तो सोडला.

दगड पाण्यात पडल्याचा आवाज असतो. तसा आला नाही. नहाणाचं पाणी फार कढत असलं, की पहिला तांब्या अंगावर घेताना बाई श्वास आत ओढते, तेवढाच आवाज झाला. तीच एक 'स्स...' आणि मग बुडबुडे.

ग्यानोबानं गाडी जुंपली. तिघी चढल्या. तो मागं बघत उभाच.

"चौथ्या बाई राहिल्या मागं," तो म्हणाला.

 त्यानं तिघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं, मग वळून बैलांना हाकारलं.  बैल उतारावर हलके हलके पळत होते.

नांदेडला परतल्यावर सौदामिनी टांग्यातून उतरून जी घरात गेली ती गेलीच. बाकी दोघी प्रेमलाच्या दाराशी आल्या. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. टांगेवाला चुकला, असं.

प्रेमला उंबऱ्यावर बसली होती. शेजारी गाठोडं, बांधलेलं तसंच. लांब बाहीची नवी चोळी. डोळे उघडे, समोर लागलेले. केस ओले होते आणि त्यांतून पाणी ठिबकून उंबरा भिजला होता. जवळ गेल्यावर गंधकाचा वास आला.

उद्धव दाराला टेकून उभा होता. तीन दिवसांत म्हातारा दिसायला लागलेला. त्यानं सांगितलं ते असं. निघायच्या पहाटे ती इथं बसली. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा तो म्हणाला, ताई, त्या गेल्या वाटतं. तर ही हसली, म्हणाली, नाही रे, आल्या न्यायला. आणि तिचे डोळे असे लागले. आत उचलून न्यावं तर दोन पुरुषांना उचलेना. खाणं नाही, पिणं नाही. मधूनच हसायची. काल सकाळी जीभ ओठांवरून फिरवून म्हणाली, गोड आहे. काल दुपारी बारा वाजता किंचाळली, आणि तेव्हापासून अंग असं तापलंय. वैद्य झाले, हकीम झाला. हकीम म्हणाला, हा ताप नाही, ही भाजली आहे. पण आग कुठं आहे? दोन दिवसांच्या वर निभणार नाही.

गोदावरी तिच्यापुढं बसली. कातडी लाल झाली होती, सुजली होती. बोटांची टोकं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली.

"प्रेमला..."

डोळे हलले नाहीत. ओठ हलले.

"गोदे, तुम्ही सगळ्या वर आलात," ती म्हणाली. आवाज लांबून येत होता, खालून. "मला का नाही काढलं? पाणी लई कढत हाय गं."

एवढ्या वर्षांत गोदावरीनं कुणाला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट. ती उठली. घरी गेली नाही, नवऱ्याला विचारलं नाही. सिंधूला म्हणाली, येतेस तर ये. सिंधु आली. दोघी होत्या, म्हणून दगड लागला नाही.

ग्यानोबा उमरीला जणू वाट बघतच होता. त्यानं बैल जपून न चालवता पळवले. वाटेत मल्लम्माच्या बनापाशी गोदावरीनं गाडी थांबवायला लावली आणि तिचे पायच धरले. मल्लम्मानं तिला उठवलं. म्हणाली, मी काय सांगू अम्मा. तिघी तिघी येतात. कुणी जाऊबाईच्या नावानं आणतं, कुणी मेलेल्या बहिणीच्या. येताना समदे आणतात. जाताना कुणाच्या ध्यानात ऱ्हातं? बघ जाऊन, तळाशी किती हायत.

"माझा ओळखू येईल," गोदावरी म्हणाली. "काळा होता. एका अंगाला पांढरा डाग."

 मल्लम्मा हळूच म्हणाली, "त्या पाण्यात काळं काही ऱ्हात न्हाई गं अम्मा."

सिंधु वरच्या पायरीवरच बसली.  गोदावरी एकटी कुंडाशी गेली. दुपार होती, ऊन होतं, पाखरू नव्हतं. भाताची वेळूची टोपली तिथंच पडली होती. तिनं ती दोरानं खाली सोडली, तळ खरवडून वर ओढली. टोपलीत सात दगड. सातही लिंबाएवढे. सातही पांढरे. झऱ्याच्या पाण्यातला चुन्यासारखा साका सगळ्यांवर सारखा बसलेला. तिनं दुसरा ओढा घेतला, तिसरा. दहा, बारा, वीस. काठावर पांढऱ्या दगडांचा ढीग झाला. नखानं खरवडलं तर आत एखादा काळा, एखादा तांबूस. कुठं खोबणीत जुनं कुंकू, वाळून करपलेलं. डाग कुणाला आहे आणि कुणाला नाही, ते कळायला जागा नव्हती. ती सगळे का घेऊन गेली नाही, असं कुणी विचारेल. तिला ते सुचलं होतं. तिनं पदरात चार घातले आणि उभी राहायला गेली, तर उठता येईना. चार बायकांनी पदर धरून खाली ओढावं, असं ते वजन होतं. एकच नेता येणार होता.

"प्रेमला," तिनं हाक मारली.

ढीग तसाच.

वर सूर्य कलायला लागला होता. नांदेडात उंबऱ्यावर एक बाई शिजत होती. गोदावरीच्या तोंडून मग तेच आलं, जे त्या संध्याकाळी आलं होतं. या खेपेला ते खरं होतं.

"चल गं. टांगा आलाय. तुला न्यायला आले मी."

ढिगातला एक दगड हलला. घरंगळत आला आणि तिच्या उजव्या तळहातात बसला, बाळानं बोट धरावं तसा घट्ट. हात भाजला, कातडी उचलली गेली. तिनं मूठ सोडली नाही. बाकीचे दगड तिनं परत पाण्यात लोटले. लोटताना प्रत्येकामागं तीच 'स्स...' उठत होती, आणि कान झाकायला हात मोकळा नव्हता.

पहाट फुटायच्या आत ती उंबऱ्याशी होती. परतताना मल्लम्मानं सांगितल्याप्रमाणं तांब्याभर गार पाणी दगडावरून आणि प्रेमलावरून ओवाळलं, दाराबाहेर ओतलं, आणि दगड उंबऱ्याच्या बाहेर ठेवला. ठेवताक्षणी तो गार झाला. प्रेमलाच्या अंगातली धग अशी उतरली, जशी चुलीतली लाकडं मागं ओढल्यावर उतरते. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या. उद्धव लहान पोरासारखा रडायला लागला. सिंधु रडली. गोदावरी रडली नाही; तिला वाटलं, आता आपली मान कुणापुढं नुसती हलणार नाही.

प्रेमला उठून बसली. पाणी मागितल्याची खूण केली. उद्धवानं पेला दिला. तिनं तो डाव्या हातानं घेतला.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं तिघांकडं बघितलं. परक्या घरी आलेली बाई बघते तसं, अदबीनं. मग पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि काहीतरी विचारलं. शब्द कानडी होते. प्रेमलाला कानडीचं अक्षर येत नव्हतं.

सिंधूचा हात तोंडावर गेला.

"काय म्हणतीये?" उद्धवानं विचारलं. "सिंधुताई, काय म्हणतीये ती?"

"विचारतीये..." सिंधु म्हणाली, "माझा चंद्रप्पा कुठाय. पाळण्यात निजवून आले होते म्हणती. किती वेळ झाला, भुकेला झाला असंल, म्हणती."

ती बाई, आता तिला काय नाव द्यावं, सगळ्यांची तोंडं बघत होती. तिला काही कळलं असावं. तिनं गोदावरीचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, फुंकर घातली, आणि कपाळाला लावला. मग पुन्हा बोलली, फार हळू. ते सिंधूनं सांगायला नको होतं, पण सांगितलं.

"म्हणतीये, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. आता मला परत त्या पाण्यात सोडू नका."

गोदावरीनं दाराबाहेर ठेवलेल्या दगडाकडं बघितलं. वाटलं असतं तर तो उचलून, गाडी जुंपून, पुन्हा जाता आलं असतं. त्याला परत पाण्यात टाकायचं आणि दुसरा शोधायचा. म्हणजे हिच्या हातातून हात सोडवून घ्यायचा. तिनं तो सोडवून बघितला नाही. उद्धवही बोलला नाही. गल्लीनं पुढं एवढंच धरलं की प्रेमलाला तापात भ्रम झाला, ती जुनी भाषा विसरली. आणि नवल असं की हाताला गुण आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी स्वच्छ, सावळी. पत्र मात्र कुणी घातलं नाही.

सौदामिनीला मुलगा झाला. सिंधु बदली घेऊन लातुरास गेली. गोदावरी त्याच गल्लीत राहिली. तिचा नवरा लोकांना सांगायचा, आमच्या घरात एक विचित्र खोड आहे. ही कधी नहाणाचं पाणी तापवू देत नाही. पोरंबाळं, पाहुणेरावळे, मार्गशीर्ष असो की पौष, सगळ्यांनी आडाच्या गार पाण्यानं अंघोळ करायची.

खोड नव्हती. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चुलीवर हंडा ठेवला होता. पाण्याला आधण आलं, बुडबुडे उठायला लागले, आणि ती झाकण काढायला वाकली. वाफेतून गंधकाचा वास आला, आणि तळातून आवाज. थकलेला, पण अजून विश्वासानं भरलेला.

"गोदे... टांगा आला का गं?"